ताणावर सोडलेला दादा

ऑगस्ट संपत आला की आमच्या मोसंबीच्या बागेत पहाटेपासून एक आवाज सुरू होतो. टप्. थोडं थांबून, टप् टप्. अंबड तालुक्यातल्या कुठल्याही मोसंबीवाल्याला हा आवाज ऐकवा, त्याचं तोंड कडू होतं. फळगळ! सहा महिने झाडानं अंगावर वागवलेली हिरवीगार फळं देठ सोडून खाली येतात. रंग आलेला नसतो, गोडी भरलेली नसते, व्यापारी ढुंकून बघत नाही. माणसं लावून ती वेचायची आणि बांधापलीकडच्या खड्ड्यात पुरून टाकायची, एवढंच हातात असतं.

त्या वर्षी मात्र हा आवाज ऐकून मी अंथरुणातून टुणकन उठत होतो. मला तो टाळ्यांसारखा वाटत होता! कारण त्या गळालेल्या फळांत मला माझं औषध सापडलं होतं. त्या औषधाचं काय झालं, आणि माझ्या तोंडापायी दादाचा जीव कसा धोक्यात आला, ते सांगतो. यावेळी काही न गाळता.

माझी साखर आठ वर्षांची आहे. आमच्याकडे कुणाला साखर आहे म्हटलं की ती किती वर्षांची हे आधी विचारतात, बैलाचे दात मोजल्यासारखं. दादाची अकरा वर्षांची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेजारी शेजारी घरं, मधे एकच भिंत, बाग एकत्र. दर चार-पाच महिन्यांनी आम्ही दोघं एका मोटारसायकलवर बसून जालन्याला तपासणीला जातो. मी चालवतो, दादा मागून गिअर बदलायला सांगतो, 'दुसरा टाक', 'तिसरा टाक'.

जालन्यातल्या आमच्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या पुतणीएवढ्या. जाफराबादकडच्या, शेतकऱ्याच्याच घरातल्या. त्यांनी जूनमध्ये माझा कागद पाहिला आणि चष्मा वर केला.

"काका, साखर कशीबशी धरून आहे. पण वाईट कोलेस्ट्रॉल वाढलंय. साखर आणि हे, दोघं जोडीनं हृदयाच्या मागे लागतात. आजपासून ही गोळी. मोठ्या काकांना देते तीच."

मोठे काका म्हणजे दादा. त्याच्या छातीत दोन वर्षांपूर्वी एकदा कळ आली होती. फार नाही, पण घाम फुटला होता आणि विहिरीच्या काठावर तो अर्धा तास नुसता बसून राहिला होता. तेव्हापासून त्याला ती गोळी होती, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ही सोडायची नाही, विसरायची नाही, मला विचारल्याशिवाय कमीसुद्धा करायची नाही.

आता माझी ओळख. गावात लग्न असलं की माईक माझ्या हातात असतो. आहेर पुकारतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, नवरदेव उशिरा आला तर मंडपाला दीड तास हसवत ठेवतो. घनसावंगीपर्यंत माझा आवाज ओळखतात. अशा माणसाला वाढलेलं कोलेस्ट्रॉल मिळालं आणि त्यावर उपाय काय, तर मुगाएवढी पांढरी गोळी! तिच्यात काही नाट्य आहे? रोज संध्याकाळी जेवण झालं की बायको ती माझ्या तळहातावर ठेवायची, समोर उभी राहायची, मी गिळायचो, ती भांडी उचलायची. पडदा.

मग जुलैत मोबाईलवर एक लेख आला. लिंबू-मोसंबीच्या जातीतल्या फळांच्या सालीच्या अर्कानं साखरेच्या रुग्णांचं कोलेस्ट्रॉल उतरतं का, यावर कुठे कुठे अभ्यास चालू आहेत, असं त्यात होतं. त्यातला 'का' मी वाचला होता. लक्षात मात्र ठेवला नाही.

मोसंबी! आम्ही रोज टोपलीनं पुरतो ती!

"अहो, पण फवारणी कधी झाल्ती?" बायकोनं पहिलाच प्रश्न असा टाकला की माझी अर्धी हवा गेली.

"कडेची चार झाडं घरच्या खाण्याची हायत. त्यांच्यावर बिलकुल फवारणी न्हाई."

"अन् तुम्हाला कुणी सांगितलं का कच्चं फळ उकळून प्यायचं?"

"शास्त्रज्ञ अभ्यास करून राह्यले!"

"मंग त्यांचा होऊ द्या की आधी पुरा."

मी काही थांबलो नाही. अंगणात तीन दगडांची चूल मांडली. लग्नाच्या वरणाचं पितळी पातेलं काढलं. हिरव्या फळांचे सालीसकट काप केले, त्यातले निम्मे गच्चीवर सावलीत वाळायला टाकले आणि निम्मे पातेल्यात घातले. पाणी आटून चौथाई होईपर्यंत ढवळलं. गल्ली जमली. मी ढवळताना अधूनमधून पळी उंच धरून धार सोडत होतो. त्याची काही गरज नव्हती, पण लोक उभे होते ना! खाली उरलं ते शेवाळी रंगाचं, बुळबुळीत, आणि वासाला अर्धं मोसंबीच्या बागेसारखं, अर्धं जळलेल्या दोरीसारखं. फडक्यातून गाळलं. पेला उचलला. सगळ्यांकडे बघून पहिला घोट घेतला.

माझे दोन्ही कान मागे गेले. डोळ्यांतून पाणी आलं. जिभेनं तोंडात जागा शोधली आणि तिला लपायला कुठेच मिळालं नाही. कारलं याच्यापुढे पेढा!

"कसं हाय?" दादानं विचारलं.

"अमृत," मी म्हणालो, आणि तो शब्द बाहेर यायला थोडा वेळ लागला.

बायको दारात उभी राहून हसत होती. त्या संध्याकाळी तिनं गोळी तळहातावर ठेवली तेव्हा म्हणाली, "घ्या. अमृताच्या वरून."

असे तीन महिने गेले. रोज सकाळी अर्धा पेला अर्क. रोज संध्याकाळी गोळी. शिवाय बायकोनं माझी लग्नातली जिलेबी बंद केली, कारण माईकवाल्याला आचारी प्रेमानं जास्त वाढतो हे तिला माहीत होतं. शिवाय सकाळी विहिरीपर्यंत आणि परत, असं दोनदा चालणं. पुढे सगळा घोळ झाला तो या शिवायचाच.

नोव्हेंबरात जालन्याला रक्त दिलं आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मोबाईलवर आला. मी तेव्हा गावातल्या चहाच्या हॉटेलात होतो. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, चार बाकडी आणि भजी. रिपोर्ट उघडला. वाईट कोलेस्ट्रॉल जूनमध्ये एकशे अडुसष्ट होतं. आता एकशे आठ!

मी बाकड्यावर चढलो. वेगळं काही करणं मला शक्यच नव्हतं.

"मंडळी!" मी म्हणालो. भज्यांचा झारा हवेत थांबला. "ज्या फळाला आपुन खड्ड्यात पुरतो, त्या फळानं आज या तालुक्याची लाज राखली!"

आणि मग मी सांगितलं. चूल, पातेलं, धार, पहिला घोट, मागे गेलेले कान. लोक हसून हसून बाकड्यावरून घसरत होते. शेवटी मी मोबाईल उंच धरला आणि आकडा असा पुकारला जसा नवरीच्या मामाचा आहेर.

"ओ मामा," मागून एकजण म्हणाला, "गोळीबिळी बी चालू व्हती का?"

हा प्रश्न आला तेव्हा मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं. आठवतं म्हणूनच लाज वाटते.

"अरे गोळीचं काय घेऊन बसला! गोळी परक्या कारखान्यातली. फळ आपल्या मातीतलं!"

टाळ्या. शिट्टी. मी खोटं बोललो नव्हतो. मी फक्त उत्तर दिलं नव्हतं. कोपऱ्यात दादा बिनसाखरेचा चहा बशीत ओतून पीत होता. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो माझ्याकडे नुसता कौतुकानं बघत होता. लहानपणी मी शाळेच्या गॅदरिंगमध्ये राजा झालो होतो तेव्हा बघायचा तसा.

दुसऱ्या दिवसापासून दारात बाटल्या घेऊन लोक. अंबडहूनसुद्धा दोघं आले. मी वाळलेले काप मूठ मूठ वाटले, कसे उकळायचे ते अभिनयासह दाखवलं. दादा संध्याकाळी आला आणि म्हणाला, "मला बी एक डबा ठेव."

"आत्ताच घेऊन जा की."

"आत्ता न्हाई. आधी तयारी करावी लागंल."

"कशाची तयारी?"

"करतो बराबर," दादा म्हणाला आणि गेला. मला वाटलं, कडू प्यायला मन घट्ट करतोय. मी मनातल्या मनात हसलो.

इथे थांबून मोसंबीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर दादानं काय केलं ते कळणार नाही. मोसंबीला भरपूर फुलं हवी असतील तर झाडाला आधी तहानलेलं ठेवावं लागतं. डिसेंबर लागला की ठिबक बंद. चाळीस-पन्नास दिवस एक थेंब नाही. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळून जातात. नवखा माणूस घाबरतो, दया येऊन पाणी देतो आणि फुलं हुकतात. जाणता माणूस थांबतो. मग एक दिवस पाणी सोडलं, की दोन-तीन आठवड्यांत झाड पांढऱ्या फुलांनी फुटून निघतं. याला आम्ही बाग ताणावर सोडणं म्हणतो. आणि ताण देण्यात दादाचा हात आख्ख्या गावात कुणी धरत नाही. लोक त्याला आपल्या बागेत घेऊन जातात. तो पान हातात घेतो, मुडपतो, वास घेतो आणि सांगतो, "अजून आठ दिवस." किंवा, "उद्या सोड." डॉक्टर नाडी बघतात तसं.

त्या डिसेंबरात आम्ही ठिबक बंद केलं. बाग हळूहळू उतरू लागली. आणि दादाही उतरू लागला.

तेव्हा मला त्यात आनंदच दिसला. दादाची पॅन्ट सैल झाली. गालफडं आत गेली. हॉटेलात कुणीतरी म्हणालं, "दादा लई बारीक झाले राव! अर्काचा गुण दिसून राह्यला!" आणि मी, मी काय केलं? मी कमरेत वाकून नमस्कार केला, नटानं पडद्यासमोर येऊन करावा तसा. दादानं तर तोवर अर्काचा एक थेंब घेतला नव्हता, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

वहिनीनं एकदा भिंतीवरून हटकलं होतं. "भावजी, तुमचे भाऊ लई पाणी पिऊन राह्यले. घागर पुरंना. अन् चिडचिड किती!"

"थंडीत कामं वाढलीत ना वहिनी," मी म्हणालो. जानेवारीच्या थंडीत कुणाला एवढी तहान लागते, हा विचार मला शिवला नाही. मी संक्रांतीनंतरच्या लग्नांची भाषणं जुळवत होतो.

मग पाणी सोडायचा दिवस आला. दादानं आदल्या दिवशी पानं बघून सांगितलं होतं, उद्या. हा दिवस आमच्याकडे सणासारखा. वहिनी नारळ आणि हळदकुंकू घेऊन येते, दादा व्हॉल्व्ह उघडतो, नळ्यांतून सूं करत हवा पळते आणि मग थेंब सुरू होतात. मी गेलो तर दादा व्हॉल्व्हपाशी उभा. उजवा हात चाकावर. डाव्या हातात स्टीलचा पेला.

"त्यात काय हाय?"

"तुझा अर्क. काल डबा नेल्ता तुझ्या गच्चीवरून." दादाचे डोळे चमकत होते. इतका खूश मी त्याला क्वचित पाहिला होता. "बघ आता. दोन्ही एकाच टायमाला सोडतो."

त्यानं चाक फिरवलं. सूं झालं. आणि त्यानं पेला तोंडाला लावून एका दमात रिकामा केला. कान मागे गेले नाहीत. तोंडसुद्धा वाकडं झालं नाही. पेला खाली ठेवून मात्र तो धपकन विहिरीच्या काठावर बसला. तिथेच, दोन वर्षांपूर्वी बसला होता तिथे.

"दोन्ही म्हंजे काय दादा?"

"बागंला पाणी, अन् मला अर्क. पंचेचाळीस दिवस ताण देला ना! बागंला बी, अन् अंगाला बी." त्यानं खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्या हातात दिली. साखरेची, कोलेस्ट्रॉलची. एकाही खाचेतली गोळी निघालेली नव्हती. "ज्या दिवशी ठिबक बंद केलं, त्या दिवसापून एक बी गोळी घेतली न्हाई. अरे, भरल्या पाण्यात झाड फुलतं का? अंग बी तसंच. आधी तहानलं पाहिजे, मंगच अर्क लागू पडंल. तू तसंच डायरेक्ट प्याला म्हणून एवढंच उतरलं. माझं बघ आता!"

वहिनीच्या हातातला नारळ खाली पडला आणि गडगडत नळीपाशी जाऊन थांबला.

मागे साडेचारशे झाडांखाली थेंब पडत होते. मी दादाला म्हणालो, "ऊठ. गाडीवर बस."

"आत्ता? अजून तीन हप्ते तरी—"

"बस म्हणतो ना!"

त्या दिवशी दादानं एकदाही गिअर सांगितला नाही. मधे दोनदा पाणी प्यायला थांबलो. मी इतक्या वेगानं गेलो की जालन्याला पोचलो तेव्हा माझी टोपी नव्हती, आणि ती कुठे उडाली ते आजवर कळलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, रक्त घेतलं, बोटातून साखर बघितली. मग दादाच्या तोंडून ताणाची सगळी हकीकत ऐकली आणि त्याला सलाईन लावून आतल्या खाटेवर झोपवलं. दुपारी रिपोर्ट आला तसं त्यांनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. रिपोर्ट उलटा टेबलावर ठेवला. आता रागावतील म्हणून मी मान खाली घातली. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी दादाला विचारलं,

"काका, बागेला ताण कोण देतं तुमच्याकडं?"

"मीच की."

"माझे वडील पण द्यायचे. सगळ्या झाडांना सारखा देता?"

"सगळ्या..." दादा थांबला. "न्हाई. डिंक्या लागलेल्या झाडाला न्हाई देत. ज्याच्या खोडातून डिंक गळून राह्यला, त्याला."

"काहून?"

"काहून म्हंजे? ते आधीच बेजार असतं ताई. त्याला ताण सोसत न्हाई. एकदा बसलं की पुन्हा उठत न्हाई, उभ्या उभ्या वा—"

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट सुलटा केला आणि त्याच्याकडे सरकवला. त्याची साखर, त्याचं कोलेस्ट्रॉल, सगळे आकडे दोन वर्षांपूर्वीपेक्षा वर. दादानं कागद उजेडाला धरला. पान बघतो तसा.

"हृदयाची पट्टी आज तरी बरी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज तरी. आणखी महिनाभर ताण चालला असता तर मी काही सांगू शकले नसते."

"पण ह्याचं तर उतरलं," दादानं माझ्याकडे बोट केलं. अजूनही त्याचा माझ्यावर विश्वास होता! "ह्यानं अर्कावर उतरवलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "यांनी गोळी सोडली होती?"

समोर बाकडं नव्हतं, माईक नव्हता.

"न्हाई," मी म्हणालो. "एक दिवस बी न्हाई."

दादा वळला. "तू गोळी खात व्हता?"

"हो."

"रोज?"

"रोज. ही देती ना हातावर."

"मंग हाटेलीत काहून न्हाई सांगितलं?"

मी खरं तेच सांगितलं. "गोष्टीत बसत न्हवती दादा."

डॉक्टरीणबाईंनी मग सगळं समजावलं. फळात काहीच नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. अभ्यास चालू आहेत, काहींत थोडा फरक दिसतो, काहींत दिसत नाही. पण ते मोजूनमापून काढलेल्या अर्काचे असतात. "तुमच्या पातेल्यात काय उतरलं आणि किती, हे मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. पपनसासारखी काही फळं तर अशी असतात की त्यांच्या रसानं काही गोळ्यांचा असर रक्तात नको तेवढा वाढतो. तेव्हा गोळीच्या जागी तर नाहीच, पण गोळीच्या जोडीलाही मला विचारल्याशिवाय काही उकळायचं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं उतरलं ते गोळीनं, चालण्यानं आणि काकूंनी जिलेबी बंद केली त्यानं. अर्कानं काही केलं असेल तर ते देव जाणे."

परतताना अंबडच्या अलीकडे दादा एकच वाक्य बोलला. "आपल्या गावात अजून किती जणांनी सोडली असतील?"

मी तर मूठ मूठ वाटले होते काप!

घरी न जाता मी गाडी थेट हॉटेलासमोर लावली. संध्याकाळची गर्दी होती. आणि तिथे बघतो तर माझी बायको उभी! वहिनीनं तिला सगळं सांगितलं होतं आणि मी आधी इथेच येणार हे ओळखून ती आमची वाट बघत होती, हातात माझ्या गोळ्यांचा डबा घेऊन. आमच्या हॉटेलात बायका येत नाहीत. भज्यांचा झारा पुन्हा हवेत थांबला.

मी बाकड्यावर चढलो.

"मंडळी," मी म्हणालो, "मागच्या वेळी मी तुम्हाला गोष्ट सांगितली त्यात मुख्य पात्रच आणलं न्हाई. ते आज आणलंय." आणि मी बायकोकडे हात केला.

ती बाकड्यावर चढली नाही. तिनं खालूनच डबा उघडला, एक गोळी काढली आणि माझ्या पायांपाशी उभी राहूनच हात वर केला. मी वाकलो. तिनं गोळी तळहातावर ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गिळा." मी गिळली. "जीभ दाखवा." मी दाखवली. हॉटेल फुटलं! मला वर्षानुवर्षं जमलेलं नाही ते तिनं तीन शब्दांत केलं.

मग मी दादाचा ताण सांगितला. हसणं हळूहळू थांबलं. कारण मोसंबीवाले होते सगळे. डिंक्याच्या झाडाचं वाक्य आलं तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिघांनी हात वर केला. त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. एक जण तर म्हणाला, "मी बी ताणच देऊन राह्यलो व्हतो. दादाकडं बघूनच." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिघंही जालन्याला गेले, मी स्वतः त्यांना बसमध्ये बसवून दिलं. आणि अंबडच्या दोघांच्या घरी जाऊन आलो. एकानं मला चहा दिला, दुसऱ्यानं शिव्या. दोन्ही मुकाट घेतलं.

पण दादा माझ्याशी बोलला नाही. गोळ्या घेत होता, वहिनी आता त्यालाही तळहातावरच देत होती, पण माझ्याशी शब्द नाही. वीस दिवसांनी बाग फुलली. अशी फुलली की पान दिसेना! त्या वासानं मधमाश्यांना वेड लागलं होतं, आणि त्या वासात मी आणि दादा एकाच बांधावरून, एकमेकांकडे न बघता, ये-जा करत होतो. मी वाळलेले काप सगळे खड्ड्यात पुरले. पातेलं घासून लग्नाच्या वरणाला परत दिलं. वरणाला पुढची दोन लग्नं जराशी कडवट चव होती. मी कुणाला काही बोललो नाही.

एप्रिलच्या शेवटी तपासणी होती. दादा न बोलता गाडीवर मागे बसला. आम्ही रक्त देऊन आलो. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात कोपऱ्यात बसलो होतो, मोबाईल पालथा घालून. मला स्वतःच्या रिपोर्टची फिकीर नव्हती. मनात एकच, दादाचं काय आलं असेल.

दादा आला. चहा मागितला. चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला. मग उठला आणि, देवाशप्पथ सांगतो, साठीला टेकलेला माझा थोरला भाऊ, जो आयुष्यात चारचौघांत चार वाक्यं बोललेला नाही, तो बाकड्यावर चढला.

"मंडळी," दादा म्हणाला.

त्यानं आकडा सांगितला. उतरला होता! साखरही, कोलेस्ट्रॉलही. मी टाळ्या वाजवायला उठलो, पण त्यानं हातानं बसवलं. आणि मग त्यानं त्याच्या ताणाची गोष्ट सांगायला घेतली, सावकाश, पान मुडपत असल्यासारखी. व्हॉल्व्हचा सूं आवाज त्यानं तोंडानं काढला. वहिनीचा नारळ गडगडवला. माझी टोपी उडवली. गोळ्या सगळ्या सांगितल्या, साखरेची कोणती, कोलेस्ट्रॉलची कोणती, कधी, किती. लोक माझ्या भाषणांना कधी हसले नव्हते इतके हसले.

शेवटी म्हणाला, "तवा मीच डॉक्टरीणबाईला म्हनलो, ताई, डिंक्याच्या झाडाला ताण देत न्हाईत."

मी ताडकन उठलो. "दादा! ते त्यांनी तुझ्या तोंडून काढून घेतलं!"

"गप बस," दादा म्हणाला. तीन महिन्यांनंतरचा पहिला शब्द! "गोळ्या सगळ्या सांगितल्या ना? मंग एवढं माझं असू दे."

जाताना गाडीवर मागे बसला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दुसरा टाक."